एफएनएसीत ‘लायपोमा’ आलंय, मग एमआरआय कशाला?

प्रश्न थोडक्यात असा. वडील ५८ वर्षांचे, देवगड तालुक्यात आंब्याची बाग. दोन्ही हातांवर आणि पोटावर बऱ्याच वर्षांपासून लहान लहान गाठी आहेत, आजीलाही तशाच होत्या. आता उजव्या मांडीत आतल्या बाजूला मोठी गाठ आली आहे. वर्षभरात वाढली, दुखत नाही. जवळच्या डॉक्टरांनी सुई घालून तपासणी, म्हणजे एफएनएसी, करून घेतली, रिपोर्ट ‘लायपोमा’. तरीही सर्जन म्हणतात आधी एमआरआय काढा, मग कापायचं ठरवू. घरच्यांचं म्हणणं, चरबीचीच गाठ आहे हे कळलंय तर आणखी खर्च कशाला?

सर्जन बरोबर सांगताहेत. हातावरच्या गाठी आणि मांडीतली गाठ ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, आणि घोटाळा होतो तो दोन्ही एकाच पारड्यात टाकल्यामुळे. हातावरच्या गाठींसाठी मी तुम्हाला एक रुपयाही खर्च करायला सांगणार नाही. मांडीतल्या गाठीला मात्र एमआरआय पाहिल्याशिवाय कोणालाही सुरी लावू देऊ नका.

आधी हातावरच्या, कारण तिथे काम सोपं आहे. त्वचेखालच्या चरबीतली साधी गाठ, लायपोमा, जुनी माणसं जिला आवाळू म्हणतात, ही शरीराच्या मऊ ऊतींमधली सगळ्यात जास्त आढळणारी गाठ. चाळिशी ते साठीच्या दरम्यान जास्त दिसते. ती ओळखायला यंत्र लागत नाही, बोटं लागतात. गाठीच्या कडेवर बोटाने हलकं दाबलं की कड बोटाखालून सटकते. गाठीवरची त्वचा चिमटीत धरली तर मोकळी उचलली जाते, कधी तिच्यावर बारीक खळ्या पडतात. मऊ असते, पण पाण्याने भरलेली नसते. नवख्या हाताला मात्र आत पाणी हलल्यासारखं वाटतं आणि तो उगाच सुई घालून बघतो. अशा अनेक गाठी हातांवर, पोटावर, मांड्यांवर असतील आणि आई-वडिलांपैकी कोणाला होत्या असं निघालं, तर तो घराण्यात चालत आलेला प्रकार. तुमच्या वडिलांचं तेच दिसतंय. त्यांची संख्या वाढली म्हणून घाबरायचं कारण नाही.

खोबरं-नारळ जास्त खाल्ल्याने या गाठी होतात, हे आमच्याकडे दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच. तसं नाही. आणि वजन कमी केलं म्हणून त्या विरघळतही नाहीत. उलट भोवतालची चरबी उतरली की गाठ जास्त उठून दिसते, मग माणूस म्हणतो की डाएट केल्यापासून वाढली.

आणखी एक समज खोडून काढायला हवा: ‘गाठ जुनी झाली की तिचा कॅन्सर होतो.’ साध्या लायपोमाचं कॅन्सरमध्ये रूपांतर होत नाही असं मानूनच आम्ही चालतो. ‘दहा वर्षं साधी होती आणि मग बिघडली’ अशी जी प्रकरणं सांगितली जातात, त्यांतली बहुतेक गाठ पहिल्या दिवसापासून वेगळीच असते. कोणी तपासलेली नसते इतकंच.

त्वचेखालच्या गाठींतले काही पोटप्रकार माहीत असलेले बरे. तरुण मुलाच्या हातावर चार-पाच गाठी आणि दाबलं की ठणकतात, असं असेल तर बहुधा अँजिओलायपोमा. चरबीत रक्तवाहिन्यांची जाळी असते, धोका नाही, दुखतात त्या काढाव्यात. मध्यमवयीन, वजनदार बायकांमध्ये दुखऱ्या चरबीचा एक आजार असतो, अमेरिकन न्यूरॉलॉजिस्ट फ्रान्सिस डर्कम यांच्या नावाने ओळखला जातो. या बायकांना ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असं सांगून परत पाठवतात. दुखणं खरं असतं. मानेभोवती आणि खांद्यांवर दोन्ही बाजूंनी सारखी चरबी साठून गळपट्टा घातल्यासारखं दिसतं, ते माडेलुंगचं दुखणं; यात बहुतेक पुरुष, आणि बहुतेक जण वर्षानुवर्षं दारू पिणारे. तिथे गाठीपेक्षा यकृत आधी तपासावं. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषाच्या मानेच्या मागे किंवा पाठीच्या वरच्या भागात एकच घट्टशी गाठ आली तर ती स्पिंडल सेल लायपोमा असू शकते. ही साधीच, पण सूक्ष्मदर्शकाखाली पेशी अशा विचित्र दिसतात की अनुभव नसलेला पॅथॉलॉजिस्ट सार्कोमा, म्हणजे मऊ ऊतींचा कॅन्सर, असं लिहून मोकळा होतो. म्हणून अशा रिपोर्टवर दुसरं मत घ्यावं. तपकिरी चरबीपासून होणारा हायबर्नोमाही साधाच, पण क्वचित; तो कॅन्सर शोधायला काढतात त्या पेट स्कॅनमध्ये झगमगतो आणि सगळ्यांची झोप उडवतो.

लहान मुलांचं गणित निराळं. तीन वर्षांखालच्या बाळाच्या अंगावर भराभर वाढणारी चरबीची गाठ बहुतेक वेळा लायपोब्लास्टोमा निघते. वाढ पाहून छातीत धस्स होतं, पण ती साधी असते. बाळाच्या कमरेच्या मधोमध, पाठकण्यावर मऊ गाठ असेल, त्यावर केसांचा झुपका किंवा खळगा असेल, तर मात्र ती गाठ कोणीही ‘लायपोमा आहे’ म्हणून कापायची नाही. तिचं मूळ कण्याच्या आत, मज्जारज्जूपर्यंत गेलेलं असू शकतं.

आता ज्या लायपोमा नसतात आणि लायपोमा म्हणून वर्षानुवर्षं सांभाळल्या जातात त्यांच्याबद्दल. गाठीवर मधोमध काळा ठिपका दिसतो, त्वचा तिला चिकटलेली असते आणि कधीतरी दुर्गंधी येणारा पांढरा चोथा बाहेर येतो, ती चरबीची नाही, त्वचेची गाठ. कानाच्या पाळीच्या खाली आणि पुढे असलेली गाठ लाळग्रंथीची आहे असंच धरून चालावं, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. तिथे भूल देऊन पटकन गाठ काढायला जाणं म्हणजे चेहऱ्याची नस धोक्यात घालणं. मानेच्या बाजूला गाठी असतील तर आपल्या देशात टीबी आधी डोक्यात यायला हवा. जांघेत आडवं झाल्यावर नाहीशी होणारी गाठ हर्निया असते. आणि मधुमेही माणसाच्या बेंबीच्या आजूबाजूला मऊ उंचवटे दिसले तर इन्सुलिन कुठे टोचता ते विचारावं. एकाच जागी रोज टोचल्याने चरबी फुगते, शिवाय तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही आणि साखर वर-खाली होते. जागा बदलली की उंचवटे हळूहळू ओसरतात. अशा पेशंटला मी ऑपरेशन थिएटर दाखवत नाही, सुई टोचण्याचा नकाशा काढून देतो.

आता मांडी.

गाठीचं मोजमाप आमच्याकडे सुपारी, आवळा, लिंबू, शहाळं असं सांगितलं जातं. मी ते ऐकून घेतो आणि मग टेप लावून सेंटिमीटर लिहितो, कारण पुढच्या भेटीला सुपारीची आठवण उपयोगी पडत नाही. पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, स्नायूच्या आवरणाखाली म्हणजे खोल, आणि वाढत असलेली: या तीनपैकी एक जरी गोष्ट असली तरी ती गाठ सार्कोमा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी डॉक्टरवर येते. दुखतं का, हा प्रश्न लोकांना सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ‘दुखत नाय, मगे कापूची कित्याक?’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पेशंट दारात दिसला की तेच येणार हे कळतं. पण चरबीचे सार्कोमा बहुतेक वेळा दुखतच नाहीत, तेव्हा ‘दुखत नाही’ या गोष्टीला इथे फारशी किंमत नाही.

खोल आहे की वरवरची, हे घरीही थोडंफार कळतं. वडिलांना पलंगावर उताणं झोपवा. दोन्ही गुडघे वाकवून, पावलं टेकवून, गुडघ्यांच्या मध्ये तुमची मूठ ठेवा आणि ती जोरात दाबायला सांगा. मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू ताठ होतील. गाठ वरवरची असेल तर ती आणखी उठून दिसेल आणि पूर्वीसारखीच हलेल. आवरणाखाली किंवा स्नायूत असेल तर ती पुसट होईल, आत गेल्यासारखी वाटेल किंवा जागच्या जागी अडकेल. मोठ्या गाठीत ही खूण फसू शकते, पण सुरुवात इथूनच करायची.

मग एफएनएसीत ‘लायपोमा’ आला, तो खोटा का? खोटा नाही, अपुरा आहे. बारीक सुईने मूठभर पेशी येतात. साध्या लायपोमातून येतात त्या पिकलेल्या, म्हणजे पूर्ण वाढ झालेल्या, चरबीच्या पेशी. आणि चरबीच्या सार्कोमाचा जो सगळ्यात सौम्य प्रकार आहे त्यातूनही बहुतांशी तशाच पिकलेल्या चरबीच्या पेशी येतात. वेडावाकडा केंद्रक असलेल्या पेशी त्यात असतात, पण विखुरलेल्या, बहुतेक तंतुमय पडद्यांजवळ. सुई तिथे नेमकी पोचेलच असं नाही. हापूसचा साका वरून दिसत नाही आणि पेटीतला एक आंबा कापून बाकीच्यांची हमी देता येत नाही, हे तुमच्या वडिलांना मी सांगायला नको. मानेतली गाठ टीबीची की दुसरी, यासाठी एफएनएसी उत्तम. मांडीतल्या खोल चरबीच्या गाठीसाठी तिचा ‘लायपोमा’ हा रिपोर्ट फक्त एवढंच सांगतो की आत चरबी आहे.

सोनोग्राफीचंही थोडंफार तसंच. त्वचेखालच्या लहान गाठीसाठी ती पुरेशी: त्वचेला समांतर, बारीक रेघा असलेली, आत रक्तप्रवाह जवळजवळ नसलेली गाठ दिसली की काम झालं. खोल आणि मोठ्या गाठीत ती दिशा दाखवते, निकाल देत नाही.

एमआरआयमध्ये चरबीची स्वतःची खूण असते. टी-१ प्रतिमेत ती पांढरी उजळ दिसते, आणि चरबीचा सिग्नल दाबणारी प्रतिमा काढली की तीच जागा काळी पडते. संपूर्ण गाठ त्वचेखालच्या चरबीसारखीच उजळली आणि तिच्यासारखीच विझली, आत केसासारख्या पातळ पडद्यांखेरीज काही नाही, तर ती साधी आहे असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. स्नायूत शिरलेला साधा लायपोमाही असतो. त्याच्या चरबीतून स्नायूचे धागे आरपार गेलेले दिसतात, ते पडदे समजून घाबरायचं नसतं. संशय येतो तो पडदे दोन मिलिमीटरपेक्षा जाड असले तर, चरबी नसलेले गोळे दिसले तर, कॉन्ट्रास्ट (शिरेतून टोचतात ते औषध) दिल्यावर काही भाग उजळला तर, गाठ दहा सेंटिमीटरच्या पुढे असली तर. वय साठीकडे झुकलेलं आणि जागा मांडी, या दोन गोष्टीही पारडं संशयाकडे झुकवतात. तुमच्या वडिलांच्या बाबतीत त्या दोन्ही आहेत.

एमआरआय चुकतो तो सावधगिरीच्या बाजूने. मार लागून गाठीतली थोडी चरबी मेली असेल किंवा कोणी मालीश करून ती चेंगरली असेल, तर साधा लायपोमाही भीतिदायक दिसतो. म्हणून रिपोर्टात ‘अटिपिकल’, म्हणजे नेहमीसारखी नसलेली, असा शब्द आला तर लगेच रडारड करू नका, तो पुढच्या तपासणीचा निरोप आहे. आणि मालीश, शेक, बिब्बा घालणं हे सगळं आजपासून बंद करा. बिब्ब्याने भाजलेल्या कातडीवर ऑपरेशन करायला पुढे महिना-महिना थांबावं लागतं.

कॉन्ट्रास्टचा आग्रह मी का धरतो, त्याला वेगळं कारण आहे. मिक्सॉइड लायपोसार्कोमा नावाचा प्रकार नेमका मांडीत होतो, बहुतेक तिशी-चाळिशीच्या आसपास, आणि त्यात चरबी इतकी कमी असते की साध्या एमआरआयमध्ये ती पाण्याची पिशवी वाटते. कॉन्ट्रास्ट दिला की पाण्याची पिशवी उजळत नाही, हा उजळतो. वडिलांचं वय त्या प्रकारात बसत नाही आणि सुईतही चरबी आली आहे, म्हणून माझा कल तिकडे नाही. पण किडनीची तपासणी ठीक असेल तर कॉन्ट्रास्टसह एकदाच काढलेला बरा.

एमआरआय संशयास्पद निघाला तर बायोप्सी, तीही जाड सुईने, जिला ट्रू-कट म्हणतात. क्रम चुकवू नका: आधी एमआरआय, नंतर बायोप्सी. उलट केलं तर सुईमुळे झालेला रक्तस्राव चित्र गढूळ करतो. चरबी नसलेला भाग दिसत असेल तर सुई तिथेच जायला हवी, आणि ज्या वाटेने ती जाते ती वाट पुढच्या ऑपरेशनच्या छेदात यायला हवी. म्हणून ज्याने पुढे कापायचं आहे त्याच्याशी बोलूनच बायोप्सी करतात. ‘सुई लावली की गाठ पसरते’ ही भीती गावोगाव आहे. नीट आखून केलेल्या ट्रू-कटने होणारा धोका हा काय आहे ते न कळता कापण्याच्या धोक्यापुढे अगदी किरकोळ आहे.

एका पेशंटबद्दल सांगतो. चाळिशीतला मच्छीमार, मांडीत गाठ. कुठल्याशा नर्सिंग होममध्ये ‘लायपोमा’ म्हणून अर्ध्या तासात काढून दिली, एमआरआय नाही, छेद मांडीवर आडवा, आणि काढलेली गाठ तपासायला न पाठवता टाकून दिलेली. वर्षाच्या आत परत आली तेव्हा तो माझ्याकडे आला. ती काय होती हे सांगायला पुरावाच नव्हता. दुसऱ्या वेळी मुंबईला पाठवलं. आडव्या छेदामुळे जवळजवळ दुप्पट कातडी आणि स्नायू काढावा लागला, वर दुसऱ्या मांडीची कातडी लावावी लागली. हातापायावरचा छेद आणि बायोप्सीची वाट उभीच असावी, हा नियम त्याच्यासारख्यांमुळेच आहे.

तुकडा आल्यावर पॅथॉलॉजिस्टचं काम. अटिपिकल लायपोमॅटस ट्यूमर हा मघाशी म्हटलेला सौम्य प्रकार. पोटाच्या मागच्या पोकळीत तोच निघाला तर त्याला वेल-डिफरन्शिएटेड लायपोसार्कोमा म्हणतात. पेशी त्याच, पण मांडीत तो पूर्ण काढता येतो आणि पोटामागे बहुधा नाही, म्हणून तिथे भारदस्त नाव. या दोन्हींत बाराव्या गुणसूत्राचा एक तुकडा पेशीत अनेक पटींनी वाढलेला असतो आणि त्यात एमडीएम-२ नावाचं जनुक असतं. पेशीला लगाम घालणाऱ्या पी-५३ या प्रथिनाला हे जनुक निकामी करतं. फिश नावाच्या तपासणीत या जनुकाला चमकणारा ठिपका लावतात: साध्या लायपोमाच्या पेशीत दोन ठिपके, अटिपिकलमध्ये घोळका. खोल आणि दहा सेंटिमीटरच्या पुढची, परत उगवलेली, पोटामागची, किंवा पेशी पाहून पॅथॉलॉजिस्टचं मन भरत नसेल अशी गाठ असेल तर ही तपासणी मागावी. प्रत्येक आवाळूला नको.

फिश पॉझिटिव्ह आली तरी मांडीतल्या अटिपिकल गाठीला मी कॅन्सर म्हणून घरच्यांच्या डोक्यात भरवत नाही. ती दूर पसरत नाही. पूर्ण काढली, पाय शाबूत राहिला, पुढे काही वर्षं नजर ठेवली, की झालं. परत येऊ शकते आणि क्वचित परत येताना आक्रमक रूप घेते, त्यासाठीच नजर. मिक्सॉइड निघाला तर खेळ वेगळा: किरणोपचाराने तो चांगला आकसतो, पण पसरतो तेव्हा फुप्फुस सोडून पाठकणा आणि भलत्याच ठिकाणची चरबी गाठतो, म्हणून नुसत्या छातीच्या स्कॅनवर भागत नाही. प्लिओमॉर्फिक हा सगळ्यात आक्रमक, म्हाताऱ्या माणसांत, सुदैवाने कमी.

पोटामागच्या गाठीबद्दल दोन ओळी, कारण ती उशिरा कळते. पोटाचा घेर वाढतो, लुंगीची गाठ पुढे सरकते, चेहरा आणि दंड मात्र सुकतात. घरचे म्हणतात पोट सुटलं. पोट आणि दंड उलट दिशेने चाललेले दिसले की सीटी स्कॅन काढावा. तिथली गाठ पहिल्याच ऑपरेशनमध्ये अनुभवी हातांनी, गरज पडली तर किडनीसकट, काढावी लागते.

तुमच्या वडिलांसाठी आता प्रत्यक्ष काय. ही तातडीची केस नाही. दोन-तीन आठवड्यांत एमआरआय झाला तरी चालेल. पण ‘गणपती झाले की बघू’ नको, कारण गणपतीनंतर भातकापणी येते, मग मोहोर येतो, आणि फवारणी सोडून कोण बागायतदार मुंबईला जातो? एमआरआय साधा निघाला तर इथलाच सर्जन गाठ काढू शकतो. संशयास्पद निघाला तर बायोप्सीसकट सगळं सार्कोमाचं काम करणाऱ्या केंद्रात करा. तुमच्या बाजूचे लोक परळच्या टाटाला जातात, गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात जातात किंवा कोल्हापूरला. जिथे राहायची सोय आहे ते धरा, फेऱ्या बऱ्याच होतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा, नंतर नाही.

जाताना एमआरआयची सीडी न्या, नुसता कागद नको. सर्जन चित्र पाहतो. एफएनएसीच्या काचा ज्या लॅबमध्ये आहेत तिथून मागून घ्या. आणि ऑपरेशन कुठेही झालं तरी गाठ अख्खी तपासायला जाते आहे ना, हे टेबलावर जाण्याआधी विचारा. आमच्याकडे बरणी घेऊन नातेवाइकालाच एसटीने लॅबपर्यंत पाठवतात, त्यामुळे हे तुमच्या हातात असतं: रुंद तोंडाची बरणी, दहा टक्के फॉर्मेलिन, गाठीच्या निदान दहापट, सलाईन किंवा स्पिरिट नको. बरणीवर नाव, वय, बाजू आणि जागा. रिपोर्ट आला की त्यावरचा ब्लॉक नंबर फोटो काढून ठेवा. फिश करायची वेळ आली तर त्याच मेणाच्या ब्लॉकवर करता येते, नव्याने कापावं लागत नाही.